शेंडेफळाला थांबवून ठेवा

साहेबांनी ताईला आत बोलावलं आणि काचेची खोली आतून लावून घेतली.

"तुमचं शेंडेफळ निघालंय म्हणे. दुसरीकडून बोलावणं आलंय तिला, आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. थांबवा तिला. ॲप बाजारात जाईपर्यंत ती हवीच."

"आणि त्यानंतर?"

साहेबांनी आवाज खाली आणला. "त्यानंतर ही टीमच बंद होतेय. तुम्हाला मी दुसरीकडे घेईन, शब्द देतो. पोरांचं नाही जमणार. हे बाहेर फुटलं, तर मग तुमच्यासाठीही माझे हात बांधलेले."

ताई बाहेर आली. नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. घर, पाळणाघर, सगळं तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

शेंडेफळ म्हणजे टीममधली सगळ्यात धाकटी, कॉलेजातून थेट इथे आलेली मुलगी. कंपनीत थोरामोठ्यांनाही नुसत्या नावाने हाक मारायची रीत. पण हिच्या तोंडून आपल्या टीमप्रमुखाचं नुसतं नाव काही केल्या निघेना, म्हणून ताई. मग सगळेच ताई म्हणू लागले. म्हाताऱ्या माणसांना औषधांची आठवण करून देणारं ते ॲप होतं, आणि आठवणीचा आवाज हिने स्वतःच्या आजोबांवर तपासून तपासून बसवत आणला होता.

कॉफीच्या यंत्रापाशी मुलीनेच विषय काढला.

"ताई, रागावणार नाही ना? लहान कंपनी आहे, मोजकीच टाळकी. पण तिथे काही विचारलं की कुणीतरी उत्तर देतं. इथे विचारलं की मीटिंग लागते."

ताई हसली. आणि बोलायला लागली. इतकं गोड, इतकं सरळ, की तिचं तिलाच नवल वाटलं. "जायचं तर जा गं. पण आजोबांवर तपासलेला तो आवाज अर्धवट टाकून जाशील? दुसरं कुणी त्याला हात लावेल, चालेल तुला? इथे तुझं चांगलं होणार आहे. मी आहे ना."

बोलता बोलता तिला आपला हा आवाज ओळखू आला. रोज सकाळी पाळणाघराच्या दारात ती लेकीला याच आवाजात सांगायची, आत्ता येते हं, आणि लेकीची पाठ वळली की सटकायची. लेक रोज विश्वास ठेवायची.

मुलीचे डोळे भरून आले होते. "खरंय. मीच घाई करत होते. आत्ताच नाही म्हणून कळवते त्यांना." तिने फोन काढला आणि भराभर टाइप करायला लागली.

झालं होतं काम. परत जाऊन साहेबांना एवढंच सांगायचं होतं. ताईने कप खाली ठेवला. तो हिंदकळून बोटांवर सांडला.

"पाठवू नकोस."

"आता काय झालं?"

"हो म्हणून कळव. आत्ता, माझ्यासमोर."

"अहो ताई, पण तुम्हीच तर..."

"टीम बंद होतेय. ॲप बाजारात गेलं की सगळ्यांना घरी पाठवणार. तुलाही. मला ठाऊक होतं, तरी बोलले मी तसं."

मुलीच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. आली ती भीती. तिने लिहिलेलं पुसलं, नवीन लिहिलं, पाठवलं. मग हळूच विचारलं, "बाकीच्यांना माहितीये?"

"नाही."

"आपल्या टीममधल्या दादाने तर परवाच मोठं घर भाड्याने घेतलंय. ताई, त्याला मी कशी तोंड दाखवू?"

ताईने वर पाहिलं. काचेमागून साहेब बघत होते. त्यांनी भुवया उंचावून मान हलवली: जमलं?

तिने त्यांच्याकडे पाठ केली. टीमच्या टेबलांपाशी जाऊन तिने एक खुर्ची ओढली, आणि नेहमीसारखंच बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "हेडफोन काढा रे सगळे. जरा जवळ या."