स्टुलावरची केझाया

पोरांना सांगून कळत नाही, करून दाखवलं की कळतं, असा अर्डेलमिसचा ठाम विश्वास होता. गुलामगिरीचा धडा आला की सहावीतली टारगट कार्टी दरवर्षी एकमेकांना "ए गुलामा" म्हणून खिदळायची. जमैकात, गुलामांच्याच वंशात जन्मून ही तऱ्हा! म्हणून यंदा मिसनी वर्गातच लिलावाचं नाटक बसवलं.

मळ्याच्या मालकिणीचं काम मेलोरीला दिलं. मेलोरी गोरटेली, मऊ केसांची. पण आवाज असा, की दुसऱ्या बाकापर्यंत पोचायची मारामार. विकायला स्टुलावर उभी केली केझायाला. केझाया म्हणजे पाठांतरात अख्ख्या जिल्ह्यात पहिली आलेली, खणखणीत गळ्याची पोर. तिला बोलायला एक शब्द नव्हता. नुसतं मान खाली घालून उभं राहायचं.

मेलोरी कागदात बघून पुटपुटत होती. तेवढ्यात मागून डॅमियन ओरडला, "अहो मालकीणबाई, ही नका घेऊ! रात्री दिवे गेले तर सापडायची नाही!"

वर्ग हसून हसून लोळला. मिसनी डस्टर आपटला, डॅमियनचा कान पिरगळला. केझाया मात्र स्टुलावरून हललीसुद्धा नाही. तिला कुणी उतर म्हटलंच नव्हतं.

मग आठवडाभर ती शाळेत फिरकली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा बघून मिसच्या काळजात चर्र झालं. दोन्ही गाल सोलल्यासारखे लाल. बाजारातलं ते मेलं गोरं व्हायचं क्रीम! मधल्या सुट्टीत मिसनी तिला जवळ बसवलं, डब्यातला गुळाचा केक पुढे केला.

"काय करून घेतलंस गं हे? त्या डॅमियनच्या जिभेला हाड नाही. त्याचं कुठे मनावर घेतेस?"

"डॅमियनचं नाही, मिस. मला तुम्ही उभं केलंत."

"अगं, तू धीट म्हणून! तुझ्यासारखा आवाज आहे का वर्गात कुणाचा?"

केझायाने केकला हात लावला नाही.

"पण बोलायचं सगळं मालकिणीलाच होतं, मिस."

कामं वाटताना मिसनी आवाज नाही, रंग बघितला होता. त्या स्वतः केझायाइतक्याच काळ्या. आता काय सांगणार, कपाळ! पोरगी टक लावून बघत होती. मिस हुशार आहेत, काहीतरी कारण नक्की सांगतील, अशी तिला अजूनही आशा होती.