देठाकडची फोड

मंगळवारी सकाळी शाळेच्या खानावळीचा आचारी आमच्याच काकड्यांची अर्धी पेटी घेऊन परत आला. आमच्या सगळ्या काकड्या तोच घेतो. तो नसता तर एवढ्याशा शेतात आम्ही काकडीच्या चार ओळी लावल्याच नसत्या.

"वहिनी, औषध मारलेलं नको म्हणून तुमच्याकडून घेतो," तो म्हणाला, "आणि काल पोरं ताटावरून ओरडली, विष आहे म्हणून!"

"एखादी कडू निघते हो," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या.

"एखादी नाही मावशी, पाच. शुक्रवारी मी इथंच उभा राहून चाखणार. एक जरी कडू लागली, तर पुढच्या आठवड्यापासून बाजारातून घेईन."

"माझं बी आहे ते. चाखून ठेवलेलं," आई एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते खरं होतं. दर हंगामात आई प्रत्येक वेलाची एक कोवळी काकडी तोडतात आणि देठाकडची फोड चाखतात, कारण कडूपणा असला तर आधी तिथे कळतो. उत्तम पाच वेल निवडून त्यांच्या एकेका फळाला लाल दोरा बांधतात. ते फळ पिवळं होईपर्यंत वेलावरच राहतं आणि त्याचं बी पुढच्या वर्षी पेरलं जातं. तीस वर्षं हे चाललं आहे. लग्नाआधी मी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते, पण या घरात शेवटचा शब्द आईंच्या जिभेचा. माझ्या स्वयंपाकाबाबतही तसंच होतं. गेल्या दीड वर्षात मात्र त्यांनी माझ्या भाज्यांना नावं ठेवणं बंद केलं होतं. ते मी माझ्या प्रगतीत जमा केलं होतं.

माझा पहिला संशय पाण्यावर होता. पाणी कमी पडलं की काकडी कडू होते. मी ठिबकची नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. एकही छिद्र बुजलेलं नव्हतं आणि माती सगळीकडे बोटभर खोल ओलसर होती. मग एकच उपाय उरला, प्रत्येक वेल चाखणं. चौऱ्याऐंशी वेल होते. बुधवारी सकाळी आईंनी दोन ओळी घेतल्या आणि मी दोन. बरोबर सुरी, पाण्याची बादली आणि तोंडाची चव पुसायला कोरडा पाव.

माझ्या ओळींत सहा वेल कडू निघाले. ते एकमेकांशेजारी नव्हते, इकडेतिकडे विखुरलेले होते. पाण्याचा दोष असता तर ते एका टोकाला एकत्र सापडले असते. म्हणजे दोष बियाण्यात होता.

"तुमच्याकडे किती, आई?"

"एकही नाही. सगळ्या गोड."

तेच बी, तीच माती, तेच पाणी. इकडे सहा आणि तिकडे शून्य.

मग मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. एका कडू काकडीची फोड कापून त्यांच्यापुढे धरली. "ही जरा बघता? मला नीट कळेना."

आईंनी ती सावकाश चावून खाल्ली. "छान आहे की. तुला उगाच शंका."

माझ्या जिभेवर त्याच काकडीचा कडूपणा अजून रेंगाळत होता.

दुपारी त्या आडव्या झाल्यावर त्यांच्या दोन्ही ओळी मी पुन्हा चाखल्या आणि कडू वेलांना खुणेसाठी पांढरा दोरा बांधत गेले. वेल तसेच ठेवले तर आचारी जाणार. उपटले तर आई विचारणार. पाचवी गाठ मारताना माझ्या हातावर सावली पडली.

"या माझ्या ओळी आहेत," आई म्हणाल्या.

"हो."

"किती?"

"पाच."

त्या बांधावर बसल्या. माझ्या हातातली फोड घेऊन त्यांनी तोंडात टाकली, दोनदा चावली आणि थुंकून टाकली. "काही नाही. कागद चावल्यासारखं लागतं. मागं मला तो मोठा ताप आला ना, तेव्हापासून असंच आहे. वाटलं, येईल परत."

"मग गेल्या वर्षी बी निवडलंत ते?"

"अंदाजानं. दिसायला छान होते वेल."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर मला कुणी बी निवडू दिलं असतं?" मग त्या एकदम म्हणाल्या, "आणि तू गं? एवढी शिकलेली! दीड वर्ष मी तुझ्या भाजीला नावं ठेवली नाहीत. तेव्हाच ओळखायला हवं होतंस!"

मला हसू आलं आणि थोडं लागलंही. त्या मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदर खोचून उठल्या आणि अकराही वेल त्यांनी स्वतः मुळासकट उपटले.

"आता पुढे येणाऱ्या फुलांचीच फळं बियाण्याला ठेवायची," मी म्हणाले. "आधीच्या फुलांवर मधमाश्यांनी या वेलांचा पराग—"

"माहीत आहे. जीभ गेली आहे माझी, डोकं नाही."

शुक्रवारी आचाऱ्याने पेटीच्या तळातून आठ काकड्या उपसल्या आणि देठाकडच्या फोडी चाखू लागला. सहाव्या फोडीला त्याचं तोंड वाकडं झालं.

"दाढ," तो गाल धरून म्हणाला. "दुखतेय मेली." उरलेल्या दोन त्याने दुसऱ्या बाजूने चावल्या आणि पेट्या गाडीत चढवल्या. "काय जादू केलीत?"

मी आईंकडे पाहिलं.

"बी निवडताना माझी चूक झाली होती," त्या म्हणाल्या. "आता ही चाखणार."

"आणि तुम्ही काय करणार, मावशी?"

"मी हिचं तोंड बघणार."

मला वाटलं, त्या गंमत करताहेत. पण महिन्याभराने बियाण्याचे वेल निवडायची वेळ आली, तेव्हा लाल दोरा घेऊन त्या खरंच माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी चाखायचं आणि त्यांनी बांधायचं. तिसऱ्या वेलाशी मी म्हणाले, "ही चालेल."

"चालेल काय? डावी भुवई हलली तुझी. पुढे चल."

मी तीच फोड पुन्हा चावली. अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी, बारीकसा कडूपणा होता.