एम्पायर स्टेटचा तळमजला

मी जिना बोलतोय. वर कुठेच न नेणारा जिना. हसू आलं तर हसा. मला सवय आहे.

मी व्यायामाचं मशीन. माझ्या पायऱ्या मोटरवर फिरतात. माणूस चढत राहतो, पायऱ्या खाली सरकत राहतात, आणि तो होता तिथेच राहतो. माझ्या कपाळावर मात्र एम्पायर स्टेट इमारतीचं चित्र आहे आणि त्यावर तळापासून टोकापर्यंत बारीक लाल दिवे. पायऱ्या फिरतील तसा दिवा वर सरकतो. फरशीवर उभं राहून एवढ्या उंच इमारतीचं नाव मिरवायची मला पहिल्यापासून लाज वाटे.

१९८५च्या सुमारास मी बोटीनं मॉरिशसला आलो, पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात. तिथले पाहुणे सकाळी एम्पायर स्टेट चढत, मान पुसत आणि इमारत न उतरताच नाश्त्याला जात. मग नवं मशीन आलं आणि मी अडगळीत गेलो. तिथे काम करणाऱ्या सत्यदेवनं मॅनेजरला विचारलं, मला उसाच्या लॉरीत घातलं आणि लालमती गावच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आणून ठेवलं.

मंडळाचे अध्यक्ष तुलसीरामकाका. रोज पहाटे यायचे. दोन्ही कठड्यांवर सगळा भार टाकायचे आणि पाय नुसते पायऱ्यांना टेकवायचे. दिवा आपला वर जायचाच. मग दिवसभर भेटेल त्याला सांगायचे, “आज अर्धी इमारत सर केली!”

दर गणेश चतुर्थीला हॉलमध्ये झाकरी होते. पायांत घुंगरू बांधायचे आणि ढोलकीच्या तालावर गोल धरून नाचायचं. पण फक्त पुरुषांनी. मुलींनी चटईवर बसून टाळ्या वाजवायच्या. सत्यदेवची बहीण इंद्राणी कॉलेज शिकून आली होती. टाळ्या वाजवून तिचे हात दुखले होते.

“काका, आम्ही का नाही नाचायचं?”

“झाकरीला दम लागतो, बेटी. पोरींना झेपायचं नाही.”

“आयो! दमच ना? मग गणपतीच्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ही इमारत चढते. टोकाला पोचले तर पोरी झाकरीत.”

काका हसले. “चढ, चढ. मशीन सांगेल ते खरं.”

ती संध्याकाळ आली. इंद्राणीनं ओढणी कमरेला घट्ट बांधली. कठड्याला तिनं बोटसुद्धा लावलं नाही. घाम माझ्या पायऱ्यांवर टपटपत होता. एवढं खरं चढणारं माणूस मला हॉटेलातही भेटलं नव्हतं. टोकाचा एकच दिवा राहिला, तशी तिची मैत्रीण बसंती घुंगरू बांधायला बसली.

तेवढ्यात काकांच्या भाषणाची वेळ झाली. हॉलमध्ये प्लग एकच. काका माइकची वायर घेऊन आले, इकडेतिकडे न बघता त्यांनी माझी वायर उपटली आणि आपली लावली.

पायऱ्या धक्क्यानं थांबल्या. इंद्राणी कठड्यावर आपटली.

“काका, ती चढतेय!” सत्यदेव ओरडला.

“बंधुभगिनींनो,” काकांनी सुरुवात केली.

पूर्वजांच्या कष्टांवर ते बराच वेळ बोलले. मग माझी वायर परत लागली. पण वीज गेली की माझी आठवणही जाते. कपाळावर एकच दिवा पेटला. तळमजल्याचा.

काकांनी चष्मा सारखा करून वाकून पाहिलं. “अगं, तू तर खालीच आहेस की, बेटी!”

“प्लग तुम्ही काढलात!”

“मशीन सांगेल ते खरं, असं ठरलं होतं.”

कोणीतरी फिदीफिदी हसलं. बाकीचे छताकडे बघत राहिले. काकांच्या लोंबत्या पायांसाठी मी रोज अर्धी इमारत उजळली होती. या पोरीसाठी माझ्याकडे एक दिवा नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

हरिलालची ढोलकी सुरू झाली आणि पुरुषांनी गोल धरला. इंद्राणी उतरली, पण पाय असे लटपटत होते की तिला दोन पावलं टाकवेनात. ती माझ्या खालच्या पायरीवर बसली.

“बसंती,” ती एकदम म्हणाली, “आपण विचारलंच कशाला? जा तू!”

“आणि काका?”

“काकांना बघू दे चष्मा लावून. जा!”

बसंती गेली. मागोमाग बाकीच्या. हरिलालचा हात क्षणभर अडखळला. त्यानं काकांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि ताल वाढवला. इंद्राणी तळहातानं माझ्या पायरीवर तोच ताल धरून होती. त्या गोलात शिरायला एकही पायरी चढायची नव्हती. सपाट फरशी होती. आणि तिथे जायला मी तिला केवढी दमवली!

आता मी कोपऱ्यात असतो. माझ्यावर चटया वाळत घालतात. मुली दर वर्षी नाचतात, तरी काका पाहुण्यांना माझ्याकडे बोट करून सांगतात, “पोरगी पोचली नव्हती. दिवा तळमजल्यावरच होता.” इंद्राणी चतुर्थीला त्याच पायरीवर बसून घुंगरू बांधते. तिनं मला माफ केलं असावं. मला मात्र स्वतःला माफ करता येत नाही.

माझा दिवा बघून कोणाची उंची ठरवू नका, एवढंच मागणं आहे. आणि कोणाला जमलं तर या हॉलमध्ये दुसरा प्लग बसवा.