बिनकाचेचा हिरवा चष्मा

कुंभारी गावच्या चनबसप्पांच्या रानात यंदा ज्वारी एवढी उंच वाढली, की दुपारच्या उन्हाला वाकून आत शिरावं लागायचं. हे खुद्द चनबसप्पाच सांगत, त्यामुळं शंका घ्यायचं कारण नव्हतं.

हुरड्याला सोलापुरातनं त्यांची लेक धनलक्ष्मी आणि नात शिवलीला आल्या होत्या. तिसरीतल्या शिवलीलाला नुकताच चष्मा लागला होता. तो नाकावर कमी, फ्रॉकच्या खिशात जास्त असायचा, कारण वर्गातली पोरं तिला ‘बॅटरी’ म्हणत. आजही चष्मा न घालताच ती वाडीवरच्या पोरांत लगोरी खेळायला गेली, आणि तिचा चेंडू दगडांच्या ढिगावर बसायचा सोडून थेट हुरडा भाजायच्या आगटीच्या राखेत जाऊन पडला. पोरं खिदळली. ती अज्जाशेजारी, म्हणजे चनबसप्पांशेजारी, येऊन बसली.

“मी आता कधीच खेळणार न्हाय.”

समजूत घालणं चनबसप्पांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी विळ्यानं ज्वारीचं एक हिरवं धाट कापलं, साल सोलली, सालीच्या दोन गोल कड्या वळवून गाभ्याच्या तुकड्यात खोचल्या. कानांसाठी दोन लांब काड्या लावल्या. तो चष्मा नाकावर चढवून ते गंभीरपणे लांब बघत बसले.

“अज्जा, त्याला काच कुटाय?”

“काच जवळचं बघायला. लांबचं बघायला बिनकाचेचाच लागतोय. काल ह्यातनं विजापूरचा घुमट दिसला. वर दोन कबुतरं भांडत हुती.”

“कशावरनं?”

“घरातलं भांडण. मी कशाला मदी पडू?”

शिवलीलाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

“आन् त्या बांधावरच्या लिंबावर राघू बसलाय बघ. पायात चांदीचे चाळ, गळ्यात तांबडी कंठी. लग्नाला निघालाय.”

शिवलीलाला लिंब म्हणजे नुसता हिरवा ढग दिसत होता. “खोटं.”

“बरं, खोटं. तुला थोडंच दिसणार हाय?”

हे मात्र तिला लागलं. अज्जाला एकदा तरी रंगेहाथ धरायचंच, म्हणून तिनं खिशातला चष्मा काढला, फ्रॉकला पुसला आणि घातला.

ढगाची पानं झाली.

“चाळ न्हायत,” ती हळूच म्हणाली. “कंठी हाय की. तांबडी.”

“हाय?” चनबसप्पा दचकले. त्यांच्या थकल्या डोळ्यांना तिथं लिंबसुद्धा धड दिसत नव्हता. राघू त्यांनी अंदाजानं बसवला होता. उभ्या जन्मात त्यांची थाप अशी खरी निघाली नव्हती.

“चोच पण तांबडी हाय. तुझंच कणीस खातोय.” मग तिची नजर त्यांच्यावर आली. “अज्जा, तुझ्या कानावर केस हायत.”

“असू दे. थंडी वाजत न्हाय.”

तोवर लगोरीची पोरं अज्जाच्या भोवती जमली होती. प्रत्येकाला तसाच हिरवा चष्मा हवा होता. अज्जानं सगळ्यांना वळून दिले. ते घालून पुन्हा डाव मांडला, तर पळताना सगळ्यांचे चष्मे गळून पडले. एक शेळीनं खाल्ला. शिवलीलाचा काचेचा तेवढा नाकावर राहिला. तिचा चेंडू दगडांना चाटून गेला. ढीग पडला नाही, पण कुणी हसलं नाही.

संध्याकाळी निघताना तिनं वर्गातल्या पोरांसाठी हिरव्या चष्म्यांची जुडी मागून घेतली.

“अप्पा, सकाळपर्यंत वाळून जातील हो हे,” धनलक्ष्मी म्हणाली.

“वाळू दे की,” चनबसप्पा जुडी बांधत म्हणाले. “तवर तिचा काचेचा बसंल नाकावर.”