उत्तमसिंगचं चिलखत

उत्तमसिंगने हेल्मेट माझ्या काउंटरवर उताणं ठेवलं. आत सोयाबीनचं मऊ कुटार, म्हणजे भुसा, होतं आणि त्या कुटारात गावरान अंडी बसवलेली होती, एकमेकांना न टेकता.

"काढून घ्या घनश्यामभाऊ, पण हळू. गावरान हाय."

"अंडी घेतो बाप्पा, पण हे हेल्मेट?"

"पुष्पानं देल्लं दिवाईले. लय कामाचं हाय. यातलं एक अंडं फुटलं नाई आजवर."

पुष्पा त्याची मुलगी, लोहाऱ्याला दिलेली. तिथे ती एका कारखान्यात कामाला जाते. बापासाठी तिने आपल्या पगारातून चांगलं दणकट हेल्मेट आणलं आणि बापाने त्याची टोपली केली. डोक्याला आपला नेहमीचा दुपट्टा. मी हसायला लागलो तर तो माझ्याकडे बघत राहिला. यात हसण्यासारखं काय आहे, हे त्याला खरोखर कळलं नव्हतं.

माझं किराणा दुकान फुलसावंगीच्या स्टँडजवळ आहे आणि उत्तमसिंग पलीकडच्या बंजारा तांड्यातला. वीसेक वर्षांपासून तो जुन्या गिअरच्या स्कूटरवरून दुकानोदुकानी अंडी पोचवतो. मागे कॅरिअरवर पुठ्ठ्याच्या ट्रेंची चळत, त्यावर गोधडी, गोधडीवर दोरी. आमच्या भागातल्या रस्त्यांबद्दल मी काही बोलत नाही, पण त्या रस्त्यांवरून याची अंडी शाबूत येतात. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. पावसात पणजोबाने अंगावरचं घोंगडं काढून मिठाच्या गोणीवर टाकलं आणि स्वतः भिजत चालत राहिला, ही गोष्ट तो काल घडल्यासारखी सांगतो. माल आधी, माणूस नंतर, ही त्या घराची रीतच.

आता पटाचं सांगतो. आमच्याकडे होळीनंतर बैलांचा पट, म्हणजे शर्यत, भरायचा. हळूहळू गावात बैल कमी झाले, तेव्हा त्याच मोकळ्या रानात पोरांनी स्कूटरचा पट सुरू केला. माइकवर मी असतो, कारण गावात फुकट बडबड करणारा दुसरा माणूस नाही. रीत सगळी बैलांचीच ठेवली आहे. सुटायच्या आधी स्कूटरच्या हँडलला गोंडे बांधतात, पुढच्या चाकावर नारळ फोडतात आणि जी जिंकेल तिला गुलाल लावून, झूल पांघरून, डफ वाजवत गावातून मिरवतात. धन्याची बायको सगळ्यांसमोर तिला ओवाळते.

उत्तमसिंग पहिल्या वर्षापासून भाग घेतो आणि एकदाही जिंकलेला नाही. जमनी, म्हणजे त्याची बायको, दर वर्षी पदराखाली आरतीचं ताट घेऊन येते आणि तसंच परत नेते. त्याला आयुष्यात दुसरी कसली हौस नाही, पण आपल्या स्कूटरला जमनीने चारचौघांत ओवाळावं, एवढं एक त्याच्या मनात फार आहे.

तो का हरतो, हेही सगळ्या गावाला ठाऊक आहे. पटाच्या मधोमध एक बांध आहे. बाकीची पोरं त्यावरून उडवतात. उत्तमसिंग बांध दिसला की ब्रेक दाबतो. कॅरिअर रिकामं असतं, तरी दाबतो. पाय ऐकतच नाही त्याचा.

यंदा होळीच्या आधी पुंडलिकरावांनी नवीन नियम काढला. ते पटाच्या समितीचे अध्यक्ष, आणि मागल्या वर्षी पटात पडलेल्या बादल नावाच्या पोराला स्वतःच्या गाडीत घालून यवतमाळला नेणारेही तेच. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि तो वाटभर ओरडत होता. नियम असा की हेल्मेट, जाड जाकीट, हातमोजे, गुडघ्याला अन् कोपराला संरक्षण, पायात बूट. पूर्ण सामान असेल तरच पटात घेणार.

संध्याकाळी माझ्या दुकानापुढे सगळे स्कूटरवाले जमले आणि भांडायला लागले.

"अध्यक्षसाहेब, मार्चचं ऊन हाय हे," बंटी म्हणाला. बंटी हा दोन वर्षांचा विजेता, हेअरकट पाहण्यासारखा. "इतकं घालून माणूस पडाच्या आंधी उकडून मरन ना. अन् एक सांगतो, अंगावर सामान चढलं का माणूस माजते. मंग तोच जास्त पडते."

"मागच्या साली बादल काई माजला नोता. थो पडलाच ना?" पुंडलिकराव म्हणाले.

"बैलाच्या पटात हाकनारा धुरकरी उघडा बसे," उत्तमसिंग पुढे झाला. "फक्त बंडी राहे अंगात. थो कायले घाले सामान? आमी आंडीवाले काय पोलीस हाव का जाकीट घालाले?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमसिंगच्या बोलण्यावर टाळ्या पडायची ही पहिलीच वेळ असावी. तो फुलून गेला. तेवढ्यात गर्दीच्या मागून जमनी पुढे आली. ती साखर घ्यायला आली होती.

घरी हे दोघं आपसात गोरमाटी, म्हणजे त्यांची बंजारा बोली, बोलतात. पण माझ्या दुकानात भांडायचं असलं की वऱ्हाडीत भांडतात, म्हणजे मला पंच होता यावं.

"घनश्यामभाऊ, इचारा याईले," ती म्हणाली, "आंड्याले काय काय लागते."

"काय लागते?" मी विचारलं.

"खाली ट्रे लागते. वरून ट्रे लागते. त्याच्यावर गोधडी लागते, मंग दोरी लागते. गावरान असलं तं पोरीनं देल्लेलं हेल्मेट लागते." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अन् याईले काय लागते? दुपट्टा."

लोक हसले. उत्तमसिंग म्हणाला, "जमने, आंडं फुटते. मी काय फुटतो का?"

जमनी हसली नाही. "बादलची माय अजून त्याले हातानं जेवू घालते," ती म्हणाली. "तुमाले बिनसामानाचं जाचं असन तं जा. पण मी मांगं बसन. पडू तं दोघंबी पडू."

पुंडलिकरावांना लग्नाच्या बायकांना स्कूटरवर मागे बसवण्याबद्दल नियमात काही सापडेना. उत्तमसिंग दुपट्ट्याचं टोक चावत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "जाकीट कुठी भेटन पण? माह्याजवळ नाई."

"मी शिवतो," जमनी म्हणाली आणि साखर न घेताच गेली.

होळीच्या आधीच्या दिवसांत तांड्यात बायका अंगणात लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणत फेर धरतात. जमनी फेरात दिसेना, तेव्हा ती घरात काय करतेय ते बघायला मीच गेलो. ती उंबऱ्यात बसून पुठ्ठ्याचे ट्रे कापत होती. बाहेरून जुनी ताडपत्री, आतून गोधडी आणि मधे अंड्यांचे ट्रे, दोन दोन थर. खांदे, कोपर, पाठ, गुडघे, सगळीकडे. हातमोजे तिने वेल्डिंगवाल्याकडून मागून आणले होते. पायांत फवारणीचे गमबूट. पाठीवर मात्र तिने आपल्या जुन्या कांचळीचे, म्हणजे चोळीचे, आरसे काढून गोल टाचले होते.

"हे कायले?" मी विचारलं.

"धुळीत सारे सारखेच दिसते, भाऊ. मले कळाले पायजे ना माहा कोनता."

मी घरी येईपर्यंत माझ्या बायकोला हे सांगायचं ठरवलं होतं. घरी आल्यावर मात्र सांगायच्या ऐवजी मी तोंडावर पाणी मारत बसलो. तिने विचारलंही, कुणी वारलं का म्हणून.

पटाच्या दिवशी उत्तमसिंग ते सगळं घालून आला तेव्हा रानभर हशा उसळला. ताडपत्रीखालून ट्रेचे उंचवटे वर आले होते, अंगभर. बंटी ओरडला, "सीताफळ आलं रे, सीताफळ!" आणि मी, खोटं कशाला बोलू, माइकवरून तेच नाव जाहीर केलं. बंटीने नियमापुरतं कुणाचं तरी पावसाळी जाकीट चढवलं होतं. बाकीच्यांनीही ओढूनताणून सामान जमवलं होतं. एकाने गुडघ्याला क्रिकेटचे पॅड बांधले होते. पुंडलिकराव प्रत्येकाला ठोकून ठोकून तपासत होते, आणि उत्तमसिंगच्या पाठीवर थाप मारल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

नारळ फुटला. स्कूटरी सुटल्या.

"बंटी पुढे! बंटीच्या मागे आपलं सीताफळ!" मी ओरडत होतो. धूळ एवढी की चाकं दिसत नव्हती. मग त्या धुळीत आरसे चमकले. बांध जवळ आला. सगळं गाव एका सुरात म्हणालं, "आता दाबते!"

नाही दाबला.

उत्तमसिंगची स्कूटर बांधावरून वर गेली. अंडीवाला हवेत होता. कॅरिअर दर वर्षीसारखंच रिकामं होतं, पण यंदा पहिल्यांदा तो स्वतःच मालासारखा नीट बांधलेला होता, म्हणून पाय ब्रेकवर गेलाच नाही. तो जमिनीवर आला तो बंटीच्या पुढे. आरडाओरड सुरू झाली. तो हसत होता, हेल्मेटच्या काचेतून मला त्याचे दात दिसले. खरंच सांगतो, मी त्या वेळी माइक सोडून नाचत होतो.

बांधावरून उडायची सवय नसलेल्याला उतरल्यावर सावरायचीही सवय नसते. हँडल डगमगलं, मागचं चाक घसरलं, स्कूटर आडवी झाली आणि आपला माणूस तिच्यासोबत रानात फरफटत गेला. करकर असा आवाज आला. मागून बाकीच्या स्कूटरी त्याला वळसा घालून निघून गेल्या. बंटी जिंकला, पण त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

जमनी ताट घेऊन धावत होती, आणि मी तिच्या मागे.

धूळ खाली बसली. उत्तमसिंग उठून बसला. मग उभा राहिला. आणि उभं राहून त्याने पहिलं काय केलं असेल? आडव्या स्कूटरचं कॅरिअर चाचपलं.

"तिथी काई नाई, बापा!" जमनी ओरडली. "इकडं पाहा!"

तिने त्याचे खांदे दाबून पाहिले, कोपर पाहिले, गुडघे पाहिले, हेल्मेट काढून कपाळ पाहिलं. सकाळी अंडी हातात फिरवून बघते तसंच.

"फुटलं काई?"

"नाई वो," तो म्हणाला. "एकबी नाई."

मग दोघांनी मिळून स्कूटर उभी केली. ती सुरू होईना. बंटी आपली गर्दी सोडून आला आणि त्याने मागून ढकलायला हात लावला. "काका, उडाले तं मस्त," तो म्हणाला, "उतराचं मी शिकवतो." उत्तमसिंग हँडल धरून शेवटचा, सगळ्यात शेवटचा, रेघ ओलांडून आला. मी माइकवर नाव घेतलं. या वेळी पूर्ण नाव घेतलं, उत्तमसिंग राठोड.

रेघेच्या पलीकडे जमनीने ताटातला दिवा पेटवला. वाऱ्याने दोनदा विझला. बायका गोल करून आडोशाला उभ्या राहिल्या. उत्तमसिंग रीतीप्रमाणे बाजूला सरकला आणि स्कूटर पुढे केली.

"तिले नाई," जमनी म्हणाली. "तुमी उभे राहा."

आणि तिने त्याला ओवाळलं. धुळीने माखलेल्या, ताडपत्रीतल्या, गमबूट घातलेल्या नवऱ्याला. डफ बंटीसाठी आणला होता, पण वाजला तो आधी इथे. बायकांनी लेंगी धरली आणि पुंडलिकराव, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नाही, ते टाळ्या वाजवत होते. उत्तमसिंगला हात कुठे ठेवावेत कळेना. शेवटी त्याने ते वेल्डिंगचे हातमोजे काढले आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्यात गेलो. दुकानातली अंडी संपली होती आणि अजून उत्तमसिंगचा पत्ता नव्हता. अंगणात तांदळाच्या पेजेचा वास होता. जमनीने जाकिटाची शिवण उसवली होती आणि आतून चेपलेले ट्रे एक एक काढून खाली टाकत होती. उजव्या खांद्याजवळचा तर पार पापड झाला होता. तो तिने टाकला नाही. मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवून बसली.

उत्तमसिंग समोर ओट्यावर होता, जायच्या तयारीत. कॅरिअरवर चळत बांधून झाली होती. तो त्या चेपलेल्या पुठ्ठ्याकडे बघत होता.

मग त्याने दोरी सोडली. वरचा ट्रे उतरवला, चांगला, नवा. त्यातली अंडी एक एक करून कुटार भरलेल्या वेताच्या टोपलीत घातली आणि रिकामा ट्रे जमनीपुढे ठेवला.

"हा लाव खांद्याले," तो म्हणाला. "मी थांबतो."