खोटी कसरत

हनानच्या डोंगरातल्या त्या गावात बाओशान एकवीस वर्षं शांग गुरुजींकडे ताइची शिकत होता. छिंगफू आला तो सहा वर्षांपूर्वी. तरी विद्यापीठाच्या डॉक्टर यानबाई यंत्रं घेऊन आल्या, तेव्हा गुरुजी म्हणाले, "खरी ताइची छिंगफू शिकवेल. खोटी बाओशान."

खोटी म्हणजे तुलनेपुरती. कधी ताइची न शिकलेली गावातली सगळी म्हातारी माणसं गोळा केली, दोन गट केले. एकाला ताइची, दुसऱ्याला कंबर न वळवता, श्वास न सांभाळता नुसते तसेच हातवारे. चार महिन्यांनी कोणाचा तोल सुधारला ते यंत्र सांगणार. ताइची पुढे गेली, तर दवाखान्यात ती औषधासारखी लिहून देणार होते. गुरुजींचा सगळा जीव त्यात अडकला होता.

बाओशान मात्र नुसता जळत होता. कालचं पोर खरं शिकवतंय आणि आपण माकडचेष्टा करतोय! पलीकडच्या अंगणातून छिंगफूचा आवाज आला की त्याचं डोकं फिरायचं. दहाव्या दिवशी काठी टेकत आलेली निंगआजी म्हणाली, "काय रे, तुझ्या कसरतीनं भूक तेवढी लागते. पलीकडचे बघ कसे रंगात आलेत."

ते त्याला फार झोंबलं.

"कंबर सैल सोडा, आजी. वजन आधी मागच्या पायावर." त्या दिवसापासून त्यानं हातचं काही राखलं नाही.

चार महिन्यांनी यानबाईंनी निकाल वाचला. दोन्ही गट सारखेच सुधारले होते. "म्हणजे ताइचीत वेगळं असं काही दिसत नाही," त्या ओशाळून म्हणाल्या. छिंगफूचं तोंड उतरलं. बाओशानला, खोटं कशाला बोला, क्षणभर बरं वाटलं.

तेवढ्यात निंगआजी वाफवलेल्या पावांची टोपली घेऊन आली आणि काठीशिवाय उंबरठा ओलांडून आत शिरली. गुरुजी तिच्या पावलांकडे बघत राहिले. मग बाओशानकडे.

"छिंगफूला जेमतेम येतं. शिकवायला तेवढं पुरतं," ते म्हणाले. "पण अंगात मुरलेलं चार महिने बाहेर पडू द्यायचं नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला जमणार होतं?"

बाओशानला मान वर करवेना. "बाई, तो निकाल खोडा," तो म्हणाला. "मी यांना खरीच शिकवली."

यानबाईंनी कागद मिटला. "खोडते. पण परत करायचं, तर ताइची न येणारी म्हातारी माणसं लागतील."

गावात आता तसं कोणी उरलं नव्हतं.