खाकी कागदाची शब्दवही

मित्रांनो, वह्या दुकानात विकत मिळतात, पण मी तशी मिळाले नाही. मी एका शिंप्याने शिवलेली वही आहे, आणि आता फार जुनी झाले आहे. इंदापूरच्या एसटी स्टँडमागे अमीरभाईंचे दुकान. कापड कापण्याआधी कॉलरचा, बाहीचा आकार ज्या खाकी कागदावर काढतात, त्याच कागदाच्या घड्या घालून त्यांनी मधोमध मशीनची एक टीप मारली आणि मला आपल्या मुलीच्या, तमन्नाच्या हातात दिले.

तमन्नाला वकील व्हायचे होते. पुण्याच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत अवघड इंग्रजी शब्द विचारतात, म्हणून ती माझ्यात रोज दहा शब्द लिही. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ आणि खाली घरातलेच एखादे वाक्य. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश. खाली वाक्य होते, अम्मी कन्हेरीच्या माहेराहून परत येताना रिलक्टंट असते. 'मेटिक्युलस' म्हणजे बारकाईने काम करणारा. तिथे अब्बा आणि त्यांनी शिवलेली बटणांची काजे होती.

आपले वाक्य ऐकून तमन्नाच्या अम्मी, सलिमाबी म्हणाल्या, "कोर्टात उभी राहशील तवा पयली माझी केस चालव."

अमीरभाई चौथी शिकलेले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण मराठी अर्थ वाचता येत. संध्याकाळी काम आवरले की ते मला मांडीवर घेत आणि तमन्ना डोळे मिटून समोर बसे.

"हट्टी?"

"ऑब्स्टिनेट."

उत्तर बरोबर की चूक, हे त्यांना कळणार कसे? त्यांनी आपली एक रीत काढली होती. तमन्ना जराही अडखळली की ते त्या शब्दावर शिंप्याच्या खडूने रेघ ओढत. "थांबलीस. म्हंजे आलं न्हाय."

"अब्बा, मी श्वास घेतला."

"वकिलानं श्वास घरनं घेऊन यायचा."

किती आनंदाचे दिवस होते ते! पण दुसऱ्या वर्षी मला असे काही कळले, जे अमीरभाईंशिवाय त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. खडूची रेघ शब्दाऐवजी कोऱ्या जागेवर पडू लागली. एकदा तर अमीरभाईंनी मला उलटे धरले आणि तरीही सगळे अर्थ ओळीने विचारले. तमन्ना शब्द लिहिताना मोठ्याने वाचायची, तेव्हा ते मशीन थांबवून कान देत. सगळे अर्थ त्यांनी असे पाठ केले होते.

"अब्बा, तुमचा क्रम कधी चुकत न्हाय," ती हसून म्हणाली.

"तुझ्यासंगं माझी बी परीक्षा हाय की."

त्या दिवशी मला फळीवर ठेवताना ते स्वतःशीच पुटपुटले, "डोळ्याचं आता बोलायचं न्हाय. पुस्तक टाकून दवाखान्यात फिरंल पोरगी."

परीक्षेला आठ दिवस उरले. ईद जवळ आली होती आणि दुकानात कपड्यांचा ढीग पडला होता. एका लहान मुलाच्या कुर्त्याची कॉलर काढायला अमीरभाईंनी हाताला लागलेला खाकी कागद ओढला. तो कागद म्हणजे मी होते. कात्री फिरली आणि माझी दोन पाने कॉलरच्या आकारात कापली गेली.

"दिसत न्हाय का तुम्हाला, अब्बा?" तमन्ना रडत म्हणाली. "एवढं लिवलंय त्याच्यावर. का तुम्हाला त्याची किंमतच न्हाय?"

"चुकलं, बेटा," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर ती त्यांच्यासमोर शब्द म्हणायला बसली नाही. तिची परीक्षा झाली, प्रवेश मिळाला, ती पुण्याला गेली. शब्द आता मोबाइलवर होते. मी रिकाम्या रिळांमागे धूळ खात पडले.

ती गेल्यावर अमीरभाईंनी सलिमाबींना खरे सांगितले. बारामतीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, लवकर आला असतात तर बरीचशी वाचली असती, असे ते म्हणाले. दुकानातले मशीन बंद झाले.

सुट्टीत आलेल्या तमन्नाने विचारले, "कधीपासनं दिसत नव्हतं?"

सलिमाबी म्हणाल्या, "तुझी परीक्षा व्हायची हुती ना."

तमन्नाने मला खाली काढले. पानामागून पान उलटत गेली. कोऱ्या जागांवर ओढलेल्या खडूच्या रेघा तिने आज पहिल्यांदा नीट पाहिल्या. मग ती अब्बांच्या गुडघ्याशी येऊन बसली.

"अब्बा, विचारा ना."

"ऱ्हाऊ दे. दमून आलीस," ते म्हणाले. त्यांचा हात तिचे डोके शोधत होता, तो आधी माझ्यावर पडला.

मित्रांनो, माझी कापलेली पाने कुणी शिवली नाहीत, याचे मला दुःख नाही. शब्द कुठल्याही पुस्तकात पुन्हा सापडतात. पण रोज तुमच्यासमोर बसून कुणी तुमचा अभ्यास घेत असेल, तर उत्तर देता देता एकदा त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. वेळ असतानाच बघा.